पेंढा भरलेला वाघ आणि आर्सेनिक

जुन्या वाड्याच्या भिंतीवरचे वाघाचे पेंढा भरलेले मुंडके पारखताना जाणकार आधी डोळ्यांच्या कडा, ओठ आणि कान पाहतात. कातडे सुकून आक्रसले, की तडे तिथेच जातात. मग शिवण दिसते का, केस गळतात का, हे तपासतात. पण इतक्या वर्षांत कसर मुळीच लागली नसेल, तर कौतुकाआधी शंका घ्यावी. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये बेकूर यांनी आर्सेनिकयुक्त साबण तयार केला. कातडी टिकवण्यासाठी आर्सेनिकचा वापर विसाव्या शतकातही सुरू होता. हे विष केसांत, धुळीत आजही असू शकते आणि डोळ्यांना दिसत नाही. म्हणून असे मुंडके झटकू नये, हातमोजे व मास्कशिवाय हाताळू नये आणि मुलांना त्यापासून लांब ठेवावे.