फाशीच्या प्रवेशातला हवालदार

तमाशातला वग पाहायचा तर बोर्डाच्या कडेला, ढोलकीवाल्याच्या मागं जागा मिळवावी. समोरून न दिसणाऱ्या कितीतरी गोष्टी तिथनं दिसतात. औंधला पौषात यमाईची यात्रा भरते. त्या थंडीत तंबूतल्या त्या जागेवरून मी एक वग पाहिला. गण झाला, गौळणीत मावशीनं पेंद्याची यथेच्छ फिरकी घेतली, रंगबाजीत शिट्ट्या झाल्या आणि मग वग उभा राहिला. कथा जुन्याच वळणाची. सावकारानं घेतलेल्या खोट्या आळापायी गरिबाचा पोरगा फासावर चाललाय, आई शेवटच्या भेटीला आलीय. कोठडीवर पहाऱ्याला हवालदार. हा हवालदार म्हणजेच फडाचा सोंगाड्या.

आईनं गजाबाहेरून हंबरडा फोडला. पुढं बसलेल्या बायांनी डोळ्याला पदर लावले. आता कोठडी उघडायची, तर हवालदाराला किल्ली सापडेना. खिसे उलटे केले, टोपी झटकली, पट्टा सोडला, विजार सावरत पुन्हा बांधला. शेवटी गजातून आत डोकावत त्यानं कैद्यालाच विचारलं, "लेका, आत जाताना तूच घिऊन गेला न्हाईस न्हवं?" तंबू फुटला. पदर डोळ्यालाच होते, पण आता खांदे हसण्यानं हलत होते.

मी बसलो होतो तिथनं मात्र त्याचा डावा पाय दिसत होता. टाच टेकलेली, चवडा उचललेला. हशा चढला, माथ्यावर गेला, आणि मागची माणसं अजून हसतायत तोवर त्यानं चवडा आपटला. ढोलकीवर एकच थाप पडली. आईनं गजातून हात आत घातला. हसायला उघडलेली तोंडं तशीच राहिली. मग हवालदारानं सावकाश मूठ उघडली. किल्ली त्याच्या मुठीतच होती. दार उघडलं की पोराला बाहेर काढून न्यावं लागणार, म्हणून गडी मघापासून वेळ काढत होता. आपण ज्या धांदलीवर हसलो ती त्याची गयावया होती, हे कळल्यावर मघाचे हुंदके काहीच नव्हेत असं वाटलं.

खेळ संपल्यावर तो पालात खोबरेल लावून तोंडाचा रंग काढत बसला होता. किल्लीचा हा प्रकार वगाच्या वहीत नाही म्हणाला. वगाचा सांगाडा ठरलेला असतो, बरीचशी भाषणं जागेवर रचायची असतात. ही किल्ली त्यानं एका म्हाताऱ्या सोंगाड्याकडून उचललेली आणि गावोगाव घासून घेतलेली. कुठं दोन खिसे तपासून भागतं, कुठं पट्ट्यापर्यंत जावं लागतं. थांबायचं कधी, हे विचारल्यावर म्हणाला, "हसू पिकलं की कापायचं, पाव्हणं. वाळू द्यायचं न्हाई." हसू पार ओसरू दिलं तर पुढचं रडणं पुन्हा पहिल्यापासून उभं करावं लागतं, आणि ते आईचं काम करणारीच्या जिवावर येतं.

ही कारागिरी या मुलखाला नवी नाही. पहिला वग म्हणून ज्याचा मान आहे तो १८६५ चा 'मोहना बटाव' सावळजच्या उमा बाबाजींचा, सावळज तासगावजवळ. कवलापूरचे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ 'जहरी प्याला' या वगात काळू आणि बाळू नावाचे हवालदार करायचे. लोकांना ते दोघे इतके आवडले, की खरी नावं मागं पडली आणि फडच काळू-बाळूचा झाला. विषाच्या प्याल्याच्या वगातून लोकांनी नाव उचललं ते हवालदारांचं!

नाट्यगृहातल्या नाटकाबद्दल लिहिताना अशा जागांना 'ताण हलका करणारा विनोद' म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त तळीराम अंथरुणाला खिळलाय आणि त्याच्या उशाशी डॉक्टर आणि वैद्य हमरीतुमरीवर येतात. १९१९ पासून लोक त्यावर हसतायत. त्यानं ताण कुठं हलका होतो? मरणाऱ्याकडं कुणाचं लक्ष नाही, हे त्या भांडणातूनच कळतं. टेंभूच्या आगरकरांनी 'विकारविलसित' या नावानं मराठीत आणलेल्या 'हॅम्लेट'मध्येही कबर खणणारे थट्टा करत असतात आणि खड्डा ज्या पोरीसाठी खणला जातोय तिचं नाव हॅम्लेटला अजून ठाऊक नसतं. विनोद दुःखाच्या शेजारी नसतो, दुःखाच्या कामाला जुंपलेला असतो. सोंगाड्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. कौतुक मात्र रडणारीचं होतं, आणि त्याला 'हसवतो बरा' एवढंच.

आता अडचण वेगळीच आहे. रंगबाजीत सिनेमाच्या गाण्यांची फर्माईश संपत नाही, ध्वनिक्षेपकाला वेळेचं बंधन, मग कात्री लागते ती वगाला. त्यातही आधी कापली जाते ती सोंगाड्याची जागा, कारण कथेला तिची गरज दिसत नाही. किल्ली पहिल्याच खिशात सापडते आणि पोरगा सरळ फासावर जातो. त्यात गाणी झाली की अर्धा तंबू उठतो. रिकाम्या सतरंज्यांपुढं हशा कुठला पिकणार आणि कापायचा काय? यात्रेत तंबूत शिरलात तर गाण्यांनंतर उठू नका. तिकिटात वगाचेही पैसे धरलेले असतात.