रक्तातून परतणाऱ्या पेशी

ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कॅन्सर बहुतेक वेळा वाढत्या वयात, गुडघ्याच्या आसपास होतो. केमोथेरपी येण्याआधी पाय कापला तरी दहापैकी आठ जणांच्या बाबतीत तो पुढे फुप्फुसांत उगवायचा. 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मायकेल लिंक यांच्या चाचणीत अवघे 36 रुग्ण होते, पण निकाल बोलका होता. नुसती शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी दोन वर्षांनी 17 टक्के आजारमुक्त होते, तर नंतर केमो मिळालेल्यांपैकी 66 टक्के. सुरी लागण्याआधीच पेशी गाव सोडून गेलेल्या असतात, हे त्यातून नक्की झालं. त्या रक्तातून फिरून मूळ गाठीकडे परत येतात आणि तिलाही बळ देतात का, हा प्रश्न मात्र उरला. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत आपण या पेशी शोधण्यात पुष्कळ पुढे गेलो, पण हाडाच्या कॅन्सरमध्ये त्यांच्यावरचा हा आरोप अजून शाबित झालेला नाही.

शोधण्याच्या कामाला 2004 मध्ये वेग आला. पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या 177 स्त्रियांत, 7.5 मिलिलिटर रक्तात पाच किंवा अधिक पेशी सापडल्या तर आयुष्य कमी उरतं, असं सेलसर्च यंत्राने दाखवलं. पुण्याच्या अ‍ॅक्टोरियस कंपनीची ऑन्कोडिस्कव्हर चाचणीही याच वाटेवरची. चुंबकाकडे ओढल्या जाणाऱ्या सूक्ष्म कणांवर ‘एपकॅम’ या प्रथिनाला धरणारं प्रतिपिंड बसवलेलं असतं. ज्या पेशीवर एपकॅम असेल ती कणासकट चुंबकापाशी थांबते, बाकीचं रक्त वाहून जातं. एपकॅम हे स्तन, आतडं, प्रोस्टेट अशा अवयवांच्या अस्तराच्या पेशींवर असतं. हाडाच्या कॅन्सरच्या पेशी निराळ्या कुळातल्या, त्यांच्यावर ते सहसा नसतंच. तेव्हा अशा रुग्णाच्या रक्तात ‘शून्य पेशी’ असा अहवाल आला तर त्यावर विसंबण्यात अर्थ नाही. पेशीचा आकार किंवा पृष्ठभागावरचं व्हायमेंटिन हे प्रथिन धरून शोधण्याचे प्रयत्न झाले, पण ते नेहमीच्या तपासणीत रुळलेले नाहीत.

आरोपाची बाजू उंदरांतून आली. 2009 मध्ये न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंगमधील जोआन मासागे यांच्या गटाने दाखवलं, की रक्तात फिरणाऱ्या पेशी मूळ गाठीत परतून तिथेच रुजतात आणि गाठ फोफावते. 2019 मध्ये चिनी संशोधकांनी ऑस्टिओसार्कोमाबाबत तेच मांडलं: परतलेल्या पेशी जास्त आक्रमक, आणि त्यांच्यात इंटरल्युकिन-8 या प्रथिनाचं प्रमाण वाढलेलं. काम नेटकं आहे, पण अशा प्रयोगांतल्या उंदरांची प्रतिकारशक्ती मुद्दाम लुळी केलेली असते. शिवाय इंटरल्युकिन-8 साध्या जंतुसंसर्गातही वाढतं, त्यामुळे रक्तातल्या त्याच्या आकड्यावरून कॅन्सरचा माग काढता येणार नाही.

मूळ गाठच जर पेशींचा अड्डा असेल, तर ती काढल्यावर फायदा व्हायला हवा. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये राजेंद्र बडवे यांच्या गटाने 350 स्त्रियांवर, स्तनाचा कॅन्सर आधीच पसरलेला असताना, नेमकं हेच तपासलं. 2015 च्या निकालात गाठ काढलेल्यांचं मध्यम आयुष्य 19.2 महिने, न काढलेल्यांचं 20.5. यावर कुणी म्हणेल, स्तन म्हणजे हाड नव्हे, आणि तोवर दूरच्या वसाहती वसलेल्या होत्या. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच ऑस्टिओसार्कोमाचाच दाखला जास्त वजनाचा वाटतो. अमेरिकेत 1986 ते 1993 दरम्यान काही रुग्णांची गाठ लगेच काढली, काहींची आधी केमो देऊन; पाच वर्षांनी आजार न उलटलेले अनुक्रमे 69 आणि 61 टक्के होते, आणि हा फरक सांख्यिकीच्या कसोटीला उतरला नाही. मधल्या आठवड्यांत केमो चालू होती, तिने परतणाऱ्या पेशीही मारल्या असतील, हे खरं. तेवढ्यावर आरोप फेटाळता येत नाही, आणि मान्य करायलाही आधार मिळत नाही. शस्त्रक्रियेत निघालेल्या गाठीतल्या आणि त्याच रुग्णाच्या रक्तातल्या पेशींचे जनुकीय बदल शेजारी ठेवून पाहिले, तर कोण कुठून आलं हे बरंचसं कळू शकेल. त्यासाठी मात्र आधी एपकॅमशिवाय त्या पेशी हाती लागायला हव्यात.