एक कळ, अनेक आज्ञा
'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन खेळातले मॅक्रो आणि अ‍ॅडऑन

● मॅक्रो म्हणजे काय? चॅटमध्ये स्लॅश देऊन लिहायच्या आज्ञा एकत्र बांधून केलेलं बटण. एका मॅक्रोत जास्तीत जास्त २५५ अक्षरं मावतात, त्यामुळे शब्द काटकसरीनं वापरावे लागतात.

● उपयोग असा : जखमी सोबत्यावर उपचार करायचे तर एरवी आधी त्याला क्लिक करून निवडायचं, मग मंत्राची कळ दाबायची. 'माउसओव्हर' मॅक्रो असेल तर माउस त्याच्या नावावर न्यायचा आणि कळ दाबायची. शत्रूवरचा नेम तसाच राहतो.

● स्वतःची आज्ञा : अ‍ॅडऑन म्हणजे खेळाला जोडता येणारा छोटा प्रोग्रॅम; तो 'लुआ' भाषेत लिहितात. ही भाषा १९९३ मध्ये ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोत जन्मली. पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र. अ‍ॅडऑनमध्ये आपला शब्द आणि त्याचं काम नोंदवलं की खेळात नवी आज्ञा तयार होते.

● लक्ष्मणरेषा : मॅक्रोला थांबून वाट पाहता येत नाही. बहुतेक मंत्रांनंतर सुमारे दीड सेकंदाचा सक्तीचा विराम असतो, म्हणून असे दोन मंत्र एका दाबात सुटत नाहीत. डिसेंबर २००६ मधल्या २.० आवृत्तीपासून, लढाईत कोणता मंत्र कोणावर टाकायचा हे अ‍ॅडऑनला परस्पर ठरवता येत नाही.

● मोल कशाचं? दुखऱ्या बोटांनी खेळणाऱ्याचे कितीतरी दाब वाचतात, आणि निर्णय मात्र खेळाडूचाच राहतो. खेळाची खरी गंमत त्या निर्णयातच आहे.