जलतुषार यंत्रणा, औद्योगिक

कारखाने व गुदामे यांच्या छताखाली नळांचे जाळे पसरून, आगीच्याच उष्णतेने उघडणाऱ्या तोंडांमधून तिच्यावर पाण्याचे तुषार सोडणारी स्वयंचलित अग्निशमन योजना. ती ‘स्प्रिंकलर’ या नावाने सर्वपरिचित आहे. आग ओळखणे व ती आटोक्यात ठेवणे ही दोन्ही कामे ती माणसाची वाट न पाहता करते.

इतिहास : एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील न्यू इंग्लंडच्या कापड गिरण्यांत छताखाली छिद्रे पाडलेले नळ बसवीत व आग लागल्यावर झडप हाताने उघडीत. त्यामुळे आग नसलेल्या भागातील मालही भिजे. १८७४ मध्ये हेन्री पार्मली यांनी न्यू हेवन येथील आपल्या पियानोच्या कारखान्यात वितळणाऱ्या मिश्रधातूने बंद ठेवलेली तुषारमुखे बसविली. १८८१ मध्ये फ्रेडरिक ग्रिनेल यांनी अधिक संवेदनशील तुषारमुखाचे एकस्व (पेटंट) मिळविले. १२ ऑगस्ट १९५३ रोजी मिशिगन राज्यातील लिव्होनिया येथे मोटारींचे भाग बनविणारा एक प्रचंड कारखाना भस्मसात झाला. त्याच्या बहुतांश भागात ही यंत्रणा नव्हती. संरक्षण अपुऱ्या भागालाच दिल्यास काय होते, याचे हे ठळक उदाहरण होय.

रचना व कार्य : तुषारमुखावरील झाकण वितळणाऱ्या सांध्याने अथवा द्रव भरलेल्या काचेच्या कुपीने दाबून धरलेले असते. ठराविक तापमानास द्रव प्रसरण पावून कुपी फुटते, झाकण निसटते व पाण्याची धार तबकडीवर आदळून तुषाररूपाने पसरते. द्रवाच्या रंगावरून हे तापमान समजते : लाल ६८° से., पिवळा ७९° से., हिरवा ९३° से. व निळा १४१° से. ते जागेच्या नेहमीच्या कमाल तापमानाहून सुमारे ३०° से. अधिक ठेवतात. एक तुषारमुख उघडताच सर्व उघडतात, हा समज चुकीचा आहे. आगीजवळची तेवढीच उघडतात. पाणी वाहू लागताच धोक्याची घंटा वाजते.

प्रकार : आर्द्र प्रकारात नळांत सदैव पाणी असते, हा सर्वांत साधा व विश्वसनीय होय. पाणी गोठण्याची भीती असलेल्या शीतगृहांत शुष्क प्रकार वापरतात. त्यात नळांत दाबाखालील हवा असते. ती निघून गेल्यावर पाणी येते. प्लावन प्रकारात सर्व तुषारमुखे उघडीच असतात व शोधकाच्या इशाऱ्याने सर्वांतून एकदम पाणी सुटते. अतिज्वालाग्राही पदार्थांच्या जागी तो योजतात. सोडियम, मॅग्नेशियम यांसारख्या पाण्याशी विक्रिया करणाऱ्या धातूंच्या ठिकाणी मात्र पाणी घातक ठरते.

अभिकल्प : सामान्य धोक्याच्या कारखान्यात एका तुषारमुखाकडे सुमारे १२ चौ. मी. क्षेत्र देतात व दर चौ. मी.ला दर मिनिटास सुमारे ५ लि. पाणी धरतात. उंच रचलेल्या मालास याहून पुष्कळ अधिक पाणी लागते व मांडण्यांच्या मधल्या थरांतही तुषारमुखे बसवावी लागतात. म्हणून यंत्रशाळेचे रूपांतर प्लॅस्टिकच्या गुदामात केल्यास जुनी यंत्रणा अपुरी पडते व तिची फेरगणना करावी लागते. भारतात यासाठी भारतीय मानक १५१०५ आहे.

देखभाल : यंत्रणा निष्फळ ठरण्याचे प्रमुख कारण दुरुस्तीनंतर बंदच राहिलेली झडप हे होय. कोरडी टाकी, नादुरुस्त पंप, रंगाने माखलेली तुषारमुखे व त्यांना भिडेपर्यंत रचलेला माल हेही दोष आढळतात. महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार मालकास अथवा भोगवटादारास अग्निशमन साधने सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये सादर करावे लागते. तथापि मुख्य झडप उघडी आहे की नाही, हे कारखान्यातच नियमाने पाहिले गेले पाहिजे. अन्यथा छतावरील नळ केवळ शोभेचे ठरतात.