सत्र संपल्यावर वही कोणाकडे?

विद्यापीठ आणि तंत्रज्ञान : लेखांक ६

मागच्या लेखात आपण ब्लॅकबोर्ड, मूडल यांसारख्या ऑनलाइन वर्ग चालवण्याच्या प्रणाली पाहिल्या. नोट्स, गृहपाठ, चर्चा, गुण, सगळं एका लॉगिनमागे. प्रशासनाच्या दृष्टीनं हे सोयीचं. पण सत्र संपलं की अनेक ठिकाणी तो वर्ग विद्यार्थ्याला बंद होतो. परीक्षा झाल्यावर मास्तरांनी वह्या कायमच्या कपाटात ठेवून द्याव्यात, तसंच हे.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या फ्रेडरिक्सबर्गला युनिव्हर्सिटी ऑफ मेरी वॉशिंग्टन आहे. तिथं जिम ग्रूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. २००७ मध्ये त्यांनी वर्डप्रेस या मुक्त सॉफ्टवेअरवर विद्यापीठातल्या कोणालाही ब्लॉग उघडता येईल अशी सोय केली. तिथल्याच डिजिटल कथाकथनाच्या वर्गातून पुढे ‘डीएस १०६’ हा अभ्यासक्रम आकाराला आला आणि २०११ मध्ये तो जगभरच्या हौशी मंडळींनाही खुला झाला.

या अभ्यासक्रमाची रचना पाहण्यासारखी आहे. प्रत्येकानं आपलं काम आपल्याच संकेतस्थळावर टाकायचं. त्या स्थळाची आरएसएस फीड (नव्या नोंदी पुरवणारी सोय) अभ्यासक्रमाच्या मुख्य पानाला जोडलेली असते, त्यामुळे नवीन नोंद आपोआप तिथं दिसते. मूळ लेखन मात्र लिहिणाऱ्याकडेच राहतं. गृहपाठांचीही एक पेढी आहे. चित्र, ध्वनी, चित्रफीत अशा विभागांतले गृहपाठ विद्यार्थी स्वतःच सुचवतात आणि काठिण्यानुसार त्यांना तारे मिळतात. ठरलेले तारे भरतील असे गृहपाठ ज्यानं त्यानं निवडायचे. सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका नाही, तरी कामातून सुटकाही नाही.

पुढची पायरी २०१३ ची. विद्यार्थ्याला स्वतःच्या पसंतीचं डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, आणि सर्व्हरवरची जागा विद्यापीठाच्या खर्चानं मिळू लागली. पदवीनंतर खर्च स्वतः उचलून तो हे सारं सोबत नेऊ शकतो. ग्रूम आणि टिम ओवेन्स यांनी त्याच वर्षी सुरू केलेल्या ‘रिक्लेम होस्टिंग’ या कंपनीमुळे इतर विद्यापीठांनाही ही सोय देणं शक्य झालं.

अडचणी आहेतच. संकेतस्थळ हॅक होतं, पासवर्ड हरवतो, कुणाला आपलं कच्चं लेखन जगापुढे मांडायचा संकोच वाटतो. म्हणून टोपणनावानं लिहिण्याची किंवा नोंद खासगी ठेवण्याची मुभा द्यावी लागते. विखुरलेलं काम वाचून तपासायला शिक्षकाचा वेळही जास्त जातो. सॉफ्टवेअर फुकट मिळालं तरी मदतीला बसणारी माणसं फुकट मिळत नाहीत. हा खर्च अंदाजपत्रकात न धरता मोकळीक जाहीर केली, तर ती कागदावरच राहते.

तेव्हा तुमच्या महाविद्यालयात नवी प्रणाली घ्यायचं घाटत असेल, तर बैठकीत एक प्रश्न जरूर विचारा : मुलांनी लिहिलेलं मुलांना सोबत नेता येईल का?