गाठीचा तुकडा काय सांगतो?



मी डॉक्टर नव्हे. जिनिंगमधल्या कामगारांची संघटना बांधण्यात माझे आयुष्य गेले. शिक्षण जे काही झाले ते वाचनालयात. तरीही हा विषय मी मागून घेतला. आमच्या एका सभासद भगिनीच्या स्तनातील गाठ एका ठिकाणी काढली आणि तपासणीस न पाठवता टाकून दिली. पुढे औषध ठरवायची वेळ आली तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "तुकडा कुठे आहे?" आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो.

तुकड्याचे एवढे महत्त्व का, हे यवतमाळकरांना सांगणे सोपे आहे. कापसाची गाडी केंद्रावर आली की ग्रेडर मूठभर कापूस घेतो, चिमटीत धागा ओढून पाहतो आणि गाडीभर मालाची प्रत सांगतो. विकृतिशास्त्रज्ञाचे काम याच जातीचे. तुकडा फॉर्मलिनमध्ये मुरवून मेणात बसवतात, त्याचे अतिशय पातळ काप काढून रंगवतात व सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पेशींनी नळीसारखी मूळ रचना कितपत राखली आहे, त्यांची केंद्रके किती वेडीवाकडी आहेत, किती पेशी विभागताना सापडतात, या तिन्हींना १ ते ३ गुण देतात. बेरजेवरून श्रेणी ठरते. मग विशेष रंगांनी तीन खुणा शोधतात: इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे ग्राहक, आणि हर-टू नावाचे प्रथिन.

आता एक उलटी वाटणारी गोष्ट. जी गाठ झपाट्याने वाढते तीच केमोथेरपीने पुष्कळदा विरघळते. कारण यातली बहुतेक औषधे विभागणाऱ्या पेशीवर घाव घालतात. संथ पेशी घावाखाली येतच नाही. शस्त्रक्रियेआधी नेहमीची केमोथेरपी दिली, तर तिन्ही खुणा नसलेल्या गाठींपैकी सुमारे एकतृतीयांश पुरत्या नाहीशा होतात. संप्रेरकग्राही पण हर-टू नसलेल्या गाठींत हे प्रमाण शंभरात दहाच्या आसपास. अशा गाठीला संप्रेरकरोधक गोळ्या लागू पडतात. ग्लासगोच्या बीटसनने १८९६ साली अंडाशय काढून या नात्याचा पहिला पुरावा दिला. हर-टूवर १९९८ पासून ट्रास्टुझुमॅब आहे. शिवाय तुकड्यात शरीराच्या पांढऱ्या पेशींची दाटी दिसली, तर औषधाचा गुण येण्याचा संभव वाढतो. आत संघटना असली की बाहेरची मदत कामी येते, असे मी म्हटले तर डॉक्टर मंडळी हसतील!

हे भाकीत आहे, हमी नव्हे. झपाट्याने वाढणारी गाठ औषधाला बधली नाही, तर ती लवकर उलटते.

मुंबईत परळच्या गिरणगावात १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तेथल्या प्रयोगशाळेची घडी डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी बसवली. ते सूक्ष्मदर्शकाचे माणूस होते, चाकूचे नव्हे, आणि कर्करोगाच्या कामात दोघांची गरज सारखीच असते.

तेव्हा गाठ काढण्यापूर्वीच विचारा: तुकडा कोठे जाणार? तो तासाभरात फॉर्मलिनमध्ये पडावा, त्यात निदान ६ तास राहावा, ७२ तासांपलीकडे नको. मिठाच्या पाण्यात ठेवलेला तुकडा बिघडतो. तपासणीनंतर मेणाचा ठोकळा मागून घ्या. वर्षांनंतरही त्यावर नवी चाचणी होते.

आमच्या भगिनीच्या काखेत पुढे दुसरी गाठ आली. तिचा तुकडा मी स्वतः एस.टी.ने नागपूरला नेला, बरणी मांडीवर धरून. इस्ट्रोजेनचे ग्राहक भरपूर निघाले. गोळ्या चालू आहेत.