जुन्या मोटारीला नवी धुराची नळी

वऱ्हाडच्या रस्त्यांवर जुनी जीप, अॅम्बॅसेडर किंवा फियाट अजूनही भेटते. अॅम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, फियाटचे तर त्याच्याही आधी. गाडी मात्र मालकाने जिवापाड जपलेली असते. तिचा सायलेन्सर फुटला आणि तयार भाग मिळाला नाही, की मालक अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या वेल्डिंगच्या दुकानात जातो आणि म्हणतो, "भाऊ, याले नवी नळी बसवून द्या बरं." नळी बसते. पण ती बसवून घेताना आपण काय पाहावे?

आधी नळी सडते कशाने ते ऐका. पेट्रोल जळाले की धूर होतो हे सर्वांस ठाऊक. पाणी होते हे ठाऊक नसते. एक लिटर पेट्रोल जळाले, तर जवळजवळ एक लिटर पाणी वाफ होऊन बाहेर पडते. गुरुजींनी वर्गात स्पिरिटच्या दिव्यावर क्षणभर थंड पत्रा धरून दाखवावा. त्यावर दव धरते. लांबच्या प्रवासात नळी तापून ही वाफ निघून जाते. पण घर ते बाजार समिती एवढीच गाडी फिरली, तर पाणी सायलेन्सरच्या पोटात साचते आणि पत्रा आतून गंजतो. म्हणूनच कित्येक सायलेन्सरांच्या तळाशी बारीक भोक ठेवलेले असते. गळते म्हणून ते बुजवू नका.

आता जाडीची गोष्ट. नळी जितकी मोठी तितकी गाडीची ताकद मोठी, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा. नळी अरुंद झाली तर धूर कोंडतो आणि इंजिन दमते, हे खरे. पण ती फार रुंद केली तर धुराचा वेग मंदावतो, आणि कमी वेगात, चिखलदऱ्याच्या घाटात नेमकी जेव्हा ओढ हवी तेव्हा, गाडी ढिली पडते. मूळ नळीच्या आतल्या व्यासाएवढाच व्यास ठेवावा, हे उत्तम. वाकण काढताना नळी चेपली, तर त्या एका जागी ती अरुंदच झाली म्हणायची. जुने कारागीर नळीत वाळू ठासून, तापवून वाकवतात. रीत चांगली आहे, पण वाळू पूर्ण कोरडी हवी. ओलसर वाळूची बंद नळीत वाफ झाली, तर टोकाचे बूच गोळीसारखे उडते.

इंजिन रबरावर बसलेले असते, चालताना ते हलते. म्हणून नळीही रबराच्या पट्ट्यांवर टांगावी. ती चासीला पक्की वेल्ड केली, तर हिसका इंजिनाकडच्या बिडाच्या तोंडाला बसतो आणि बीड तडकते. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार काढावी, पेट्रोलच्या टाकीजवळ ठिणगी जाऊ देऊ नये, आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणी शिरू नये.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे धुराची नळी आणि इंधनाची नळी यांत निदान ३५ मिलिमीटर अंतर हवे. ब्रेकच्या नळ्या आणि तारा यांनाही असेच दूर ठेवावे. आपल्याकडे आणखी एक भय आहे. कापसाच्या दिवसांत गाडीखाली बोंडांचे तंतू अडकतात, वाळलेल्या कुटारावर गाडी उभी करतात. तापलेली नळी आणि कुटार यांची गाठ पडू देऊ नका. उन्हाळ्यात तर मुळीच नाही.

याहून वाईट शत्रू दिसत नाही. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. सांधा गळका असला किंवा नळीचे शेपूट बंपरच्या आतच संपले, तर हा वायू मागच्या दारातून गाडीत शिरतो. डोके दुखते, झापड येते, आणि माणूस समजतो की ऊन लागले. नळी मागील बंपरच्या बाहेर काढाच. इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपणे म्हणजे मरण ओढवून घेणे.

आवाजाची हौस पोरांना फार. पण सायलेन्सर काढून टाकणे बेकायदा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आवाज-धुराच्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. तेव्हा मूळ मापाचीच पेटी बनवून घ्या.

काम झाले की पैसे देण्यापूर्वी, उघड्या जागेवर, नळी थंड असतानाच इंजिन सुरू करा. जाड फडके शेपटाच्या तोंडाशी क्षणभर धरा. फुस्स आवाज आला, तर सांधा गळतो आहे; परत करून घ्या. आणि आठवडाभर गाडी चालल्यावर, ती निवलेली असताना, नट पुन्हा आवळा; तापून-निवून नवी गॅस्केट दबते आणि पहिले आवळणे सैल पडते.